आभासी विक्रीदालन

आभासी विक्रीदालन म्हणजे विक्रीची वस्तू प्रत्यक्ष समोर नसताना ग्राहकाला ती संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर सर्व बाजूंनी पाहता यावी, फिरवता यावी, तिचे रंग व आकार बदलून पाहता यावेत, यासाठी केलेली मांडणी होय. व्यवहारात 'व्हर्च्युअल शोरूम' हेच नाव अधिक रूढ आहे. साध्या ऑनलाइन दुकानात विक्रेत्याने निवडलेली चारदोन छायाचित्रे असतात. आभासी दालनात काय, कोणत्या कोनातून व किती जवळून पाहायचे हे काही अंशी ग्राहक ठरवतो. हा दोहोंतील मुख्य भेद आहे. मोटारी, घरे, फर्निचर, दागिने, चष्मे व तयार कपडे या व्यवसायांत ही पद्धत विशेष प्रचलित आहे. २०२० मधील कोरोना साथीनंतर भारतात तिचा प्रसार वेगाने झाला. यावलसारख्या तालुक्याच्या गावातील ग्राहकाला या दालनांमुळे मुंबई-पुण्याचा माल घरबसल्या पाहता येतो. मात्र तो पाहतो ती मालाची प्रतिमा असते, आणि त्या प्रतिमेच्या खरेपणाची जबाबदारी कोणाची, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

पूर्वपीठिका

माल न पाहता, त्याच्या वर्णनावरून किंवा नमुन्यावरून खरेदी करणे नवीन नाही. भारतातील टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडची 'व्ही.पी.', सुरू केली. मासिकातील जाहिरात वाचून पत्र टाकायचे, पोस्टमन पुडके घेऊन आला की पैसे भरायचे आणि मग पुडके उघडायचे, असा तो व्यवहार होता. पैसे आधी व दर्शन नंतर, ही त्यातील अडचण आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'तही बरीचशी तशीच राहिली आहे.

मालाची माहिती छापून ती दूरवरच्या ग्राहकापर्यंत पोचवण्याचे महाराष्ट्रातील लक्षणीय उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे शेतकरी तो घेण्यास कचरत. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्याच्या मालाची व कामाची माहिती देण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक काढले. यातूनच पुढे 'किर्लोस्कर' हे मराठीतील नामांकित मासिक घडले. मालाच्या माहितीपत्रकातून वाङ्मयीन मासिक उभे राहावे, हे मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील एक नवलच म्हटले पाहिजे.

दुसरी पद्धत माल ग्राहकाच्या दारी नेण्याची, म्हणजे प्रदर्शनाची होती. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन होते. त्याला जोडून खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडले होते, आणि अधिवेशननगरीची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी स्थानिक साहित्यातून केली होती. प्रदर्शन हे करमणुकीचे नव्हे, शिक्षणाचे साधन असावे, अशी महात्मा गांधी यांची भूमिका होती. सूत कसे निघते, कागद कसा होतो, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असा तिचा अर्थ. आजची बहुतेक आभासी दालने वस्तू कशी दिसते हे उत्तम दाखवतात, पण ती कशी बनते हे क्वचितच दाखवतात. वास्तविक पडद्यावर हे दाखवणे प्रदर्शनाच्या मांडवापेक्षा सोपे आहे.

जळगाव जिल्ह्यातच या परंपरेचे आधुनिक रूप पाहावयास मिळते. भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी स्थापन केलेल्या जैन इरिगेशन या उद्योगाने जळगावजवळच्या जैन हिल्स येथे ठिबक सिंचन व उतिसंवर्धित केळी यांची प्रात्यक्षिक शेते उभी केली. शेतकरी तेथे येतात, नळीतून थेंब पडताना पाहतात आणि उभ्या बागेत हिंडतात. हे शेतीचे विक्रीदालनच होय. फरक इतकाच की तेथे पायांना माती लागते.

तंत्र

आभासी दालने तयार करण्याच्या मुख्य रीती तीन आहेत. पहिलीत प्रत्यक्ष दुकानाची किंवा घराची ३६० अंशांची छायाचित्रे ठिकठिकाणांहून घेऊन ती एकमेकांना जोडतात. पाहणारा एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जातो व तेथे उभा राहून सभोवार पाहतो. १९९०च्या दशकाच्या मध्यास ॲपल कंपनीच्या क्विकटाइम व्हीआर या प्रणालीने अशी दृश्ये घरगुती संगणकावर आणली. पुढे २०११ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या मॅटरपोर्ट या कंपनीच्या कॅमेऱ्यांमुळे खोल्यांची मापेही दृश्यासोबत नोंदवणे सुलभ झाले.

दुसऱ्या रीतीत एकेका वस्तूची त्रिमितीय प्रतिकृती तयार केली जाते. वस्तूभोवती फिरून घेतलेल्या पुष्कळ छायाचित्रांवरून संगणक तिचा आकार मोजून काढतो, किंवा वस्तूच्या मूळ आराखड्यावरूनच प्रतिकृती रेखली जाते. यातील एक बारकावा ग्राहकाला ठाऊक असणे हिताचे आहे. छायाचित्रांवरून आकार मोजण्याची पद्धत चकचकीत, पारदर्शक व आरशासारख्या पृष्ठभागांवर नीट चालत नाही, कारण कोन बदलला की त्यावरील चमकही जागा बदलते. म्हणून सोन्याचे दागिने, हिरे व काचेच्या वस्तू यांच्या फिरत्या प्रतिकृती बहुधा आराखड्यावरून काढलेल्या असतात. पडद्यावर लखलखणारी बांगडी कधी घडलेलीच नसेल, असेही संभवते.

फर्निचर विकणारी स्वीडिश कंपनी आयकिया हे याचे ठळक उदाहरण आहे. तिच्या छापील सूचिपत्रात २००६ मध्ये एका खुर्चीचे संगणकनिर्मित चित्र प्रथम आले. ते चित्र आहे, छायाचित्र नव्हे, हे वाचकांच्या लक्षात आले नाही. पुढील दशकात अशा चित्रांचे प्रमाण झपाट्याने वाढले. १९५१ पासून निघणारे हे सूचिपत्र बंद करीत असल्याचे कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले. त्याच महिन्यात तिचे महाराष्ट्रातील पहिले मोठे दुकान नवी मुंबईत उघडले.

तिसरी रीत वस्तू ग्राहकाच्या परिसरात आणून ठेवण्याची आहे. मोबाइलचा कॅमेरा समोरची खोली दाखवतो आणि तिच्यात न आणलेला पलंग मांडलेला दिसतो, किंवा स्वतःच्या चेहऱ्यावर न घेतलेला चष्मा चढतो. यास 'ऑगमेंटेड रिॲलिटी' म्हणतात, आणि मराठीत 'संवर्धित वास्तव' हा पर्याय वापरला जातो. ॲपल व गूगल यांनी २०१७-१८ मध्ये यासाठीची साधने मोबाइलवर उपलब्ध केल्यावर ही रीत सर्वसामान्यांपर्यंत आली. आयकियाचे 'आयकिया प्लेस' हे ॲप सप्टेंबर २०१७ मधील. भारतात लेन्सकार्टने चष्म्यांसाठी आणि कॅरेटलेनने दागिन्यांसाठी 'घालून पाहण्याची' अशी सोय दिली.

या तिन्हींखेरीज एक चौथी, विनाखर्चाची रीत आहे: दुकानदाराने मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून माल दाखवणे. तिला कोणी आभासी दालन म्हणत नाही. पण गावोगावचे साडी, भांडी व फर्निचर यांचे दुकानदार प्रत्यक्षात हिचाच आधार घेतात, आणि काही बाबतींत ती महागड्या दालनांहून सरस ठरते, कारण तीत समोरची वस्तू खरी असते व ग्राहक प्रश्न विचारू शकतो. येवल्याच्या हातमागाच्या पैठणीचे उदाहरण घ्यावे. अस्सल पैठणीच्या पदरावरील नक्षी उलट्या बाजूनेही सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते. सजवलेल्या छायाचित्रात पदराची उलटी बाजू सहसा नसते. व्हिडिओ कॉलवर मात्र पदर उलटून दाखवा, एवढे सांगणे पुरते.

प्रसार

पूर्ण दालनच पडद्यावर मांडण्याचा गाजलेला आरंभीचा प्रयोग जर्मन मोटार कंपनी आउडीचा होता. तिने जुलै २०१२ मध्ये लंडनमधील एका छोट्या जागेत मोजक्याच मोटारी ठेवून बाकी सर्व प्रकार भिंतीएवढ्या पडद्यांवर दाखवले. टॉमी हिलफिगर या वस्त्रकंपनीने जानेवारी २०१५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे घाऊक खरेदीदारांसाठी डिजिटल दालन सुरू केले. घाऊक व्यापारात नमुन्यांचे शेकडो कपडे शिवणे, वाहून नेणे व मोसम संपल्यावर निकालात काढणे हा मोठा खर्च असतो. तो वाचवणे हा त्यामागील हेतू होता.

भारतात या पद्धतीला दोन घटनांनी चालना दिली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. जड चित्रे व चलचित्रे त्यामुळे ग्रामीण भागातही परवडू लागली. दुसरी घटना म्हणजे २५ मार्च २०२० पासूनची देशव्यापी टाळेबंदी. दुकाने बंद, माल पडून आणि ग्राहक घरात, अशा स्थितीत एप्रिल-मे २०२० मध्ये टाटा मोटर्सने 'क्लिक टू ड्राइव्ह', ह्युंदाईने 'क्लिक टू बाय' व महिंद्रा अँड महिंद्राने 'ओन ऑनलाइन' या सेवा देशभर पुढे आणल्या. मोटार निवडणे, रंग व साज ठरवणे, कर्जाची चौकशी व नोंदणी ही कामे त्यांत घरून होऊ लागली. निर्यातीच्या क्षेत्रात अपेडा या केंद्रीय संस्थेने मार्च २०२१ मध्ये तांदूळ व शेतमालासाठी, तर मे महिन्यात फळे व भाजीपाल्यासाठी आभासी व्यापार मेळे भरवले. परदेशी खरेदीदार भारतीय निर्यातदारांच्या आभासी गाळ्यांना भेट देत, असे त्यांचे स्वरूप होते.

खानदेशातील माल आणि पडदा

यावल व रावेर हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी असून केळीसाठी प्रसिद्ध आहेत. जळगावच्या केळीला व जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यावल तालुक्यातील बामणोद हे गाव अशा वांग्यांसाठी ओळखले जाते. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला निर्यात झाली. तेव्हा दूरच्या ग्राहकाला येथला माल पडद्यावर दाखवून विकता येईल काय, हा प्रश्न या भागाच्या पोटापाण्याशी निगडित आहे.

त्याचे उत्तर मालागणिक बदलते. आभासी दालन फावते ते एकसारख्या, ठरीव मालाला. एका प्रकारची मोटार दुसरीसारखीच असते, म्हणून एक प्रतिकृती हजारांना पुरते. केळीचे तसे नाही. केळीचा भाव ठरतो तो बागेत घड पाहून: भरणी कशी आहे, फण्या किती, केळ्याची जाडी व लांबी किती, साल डागाळलेली आहे का, माल नवतीचा की पिलबागेचा. एकाच बागेतील दोन घड सारखे नसतात, आणि आजचा घड चार दिवसांनी तसाच राहत नाही. अशा मालाची सुंदर प्रतिकृती करून ठेवणे व्यर्थ होय, कारण ती तयार होईस्तोवर माल कापला गेलेला असतो. येथे उपयोगी पडते ते तारीख व ठिकाण नोंदलेले ताजे चलचित्र, शेजारी मोजपट्टी धरून घेतलेले छायाचित्र आणि प्रतवारीचे ठरलेले निकष. वांग्याची गत तीच. चुलीवर भाजताना सुटणारा त्याचा वास कोणत्याही पडद्यावर येत नाही, आणि गिऱ्हाईक मुळात त्यासाठीच येते!

मानांकनाचाही येथे विचार करावा लागतो. चित्रावरून केळ जळगावचे की आणखी कुठले हे ओळखता येत नाही. म्हणून दालनात 'जळगाव केळी' हे नाव वाचल्यावर विक्रेता त्या मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता आहे का, हे विचारणे रास्त ठरते.

जळगाव शहराची दुसरी ख्याती सोन्याच्या बाजारपेठेची आहे. तेथील सचोटीच्या लौकिकामुळे दूरदूरचे लोक लग्नाच्या खरेदीला येतात. सोन्यात पडद्यावर दिसते ती घडण. कस व वजन दिसत नाही, आणि भाव तर या दोहोंवरच असतो. ही उणीव काही अंशी हॉलमार्कने भरून निघते. भारतात १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होऊ लागला, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी क्रमांक बंधनकारक झाला. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो घातला की दागिन्याची शुद्धता व प्रकार कळतो. दूरवरून दागिना घेताना फिरती प्रतिकृती पाहण्यापेक्षा हा क्रमांक, निव्वळ वजन व घडणावळीचा दर लेखी मागून घेणे अधिक मोलाचे आहे.

मर्यादा

स्पर्श, वास, वजन व आवाज या चार गोष्टी पडद्यापलीकडे राहतात. रंगाचा भरवसाही पूर्ण नसतो, कारण प्रत्येक मोबाइलचा पडदा रंग निराळे दाखवतो व दालनातील प्रकाश विक्रेत्याने बेतलेला असतो. मापाच्या बाबतीत फसगत अधिक सूक्ष्म असते. रिकाम्या खोलीचे रुंद भिंगाने घेतलेले दृश्य खोली आहे त्याहून ऐसपैस भासवते, आणि आभासी घरात मांडलेले पलंग-टेबल नेहमीच्या मापाचे आहेत की जागा मोठी वाटावी म्हणून लहान केलेले, हे नुसत्या नजरेने कळत नाही. 'दिसते तसे नसते' ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

भाषेची उणीव कमी महत्त्वाची नाही. पुष्कळ दालनांत वस्तूची नावे, मापे, हमी व परतीच्या अटी इंग्रजीतच असतात. चित्र सर्वांना कळते आणि अट थोड्यांना. खेड्यातील ग्राहकाचे नुकसान होते ते बहुधा या फटीतून. दृष्टिहीन व्यक्तींसाठी चित्राचे शब्दांत वर्णन देण्याची सोयही फार थोड्या ठिकाणी आढळते.

कायदेशीर बाजू

वर्णनावरून होणाऱ्या विक्रीचा विचार भारतीय कायद्याने फार पूर्वी केला आहे. माल विक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, आणि कलम १७ नुसार नमुन्यावरून विकलेला माल नमुन्याशी. कलम ४१ प्रमाणे, आधी न तपासलेला माल हाती आल्यावर तपासण्याची वाजवी संधी ग्राहकाला मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असे मानले जात नाही. फिरती प्रतिकृती नमुना मानायची की वर्णन, यावर वाद घालता येईल. दोन्ही पक्षी विक्रेता बांधला जातो, हे महत्त्वाचे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० रोजी अमलात आला आणि त्याखालील ई-वाणिज्य नियम त्याच महिन्याच्या २३ तारखेला अधिसूचित झाले. वर्णने, चित्रे व इतर मजकूर मालाच्या प्रत्यक्ष स्वरूपाशी व दर्जाशी जुळतील, असे हमीपत्र बाजारमंचाने प्रत्येक विक्रेत्याकडून घ्यावे, असे या नियमांत म्हटले आहे. यात 'चित्रे' हा शब्द स्पष्टपणे आला आहे. माल सदोष किंवा जाहिरातीतील गुणविशेषांहून वेगळा निघाला, तर तो परत घेण्यास वा पैसे परत करण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. 'चित्र केवळ दर्शनार्थ' अशी बारीक टीप टाकली म्हणून ही जबाबदारी संपते, असे समजू नये.

घरांसाठी स्थावर संपदा अधिनियम, २०१६ लागू होतो. त्याच्या कलम १२ नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतील खोट्या वा चुकीच्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम दिलेल्या व त्यामुळे नुकसान सोसलेल्या ग्राहकाला भरपाई मिळते. प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास सर्व रक्कम व्याज व भरपाईसह परत मागता येते. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींवर महारेराचा क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केल्यास प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे व पूर्णत्वाची तारीख पाहता येते. घराचे आभासी दर्शन घेतल्यावर त्यातील खोल्यांची मापे या नकाशांशी ताडून पाहणे हिताचे आहे.

तालुक्यातील ग्राहकाच्या दृष्टीने २०१९ च्या कायद्यातील सर्वांत उपयुक्त तरतूद कलम ३४ मधील आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रार विरुद्ध पक्ष जेथे राहतो वा धंदा करतो तेथे, किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथे करावी लागे. त्यामुळे परगावच्या विक्रेत्याविरुद्ध लढणे अनेकांना परवडत नसे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. विक्रेता बेंगळुरूचा असला तरी यावलच्या ग्राहकाला जळगाव येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे जिल्हा आयोग चालवतो, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, तसेच दृक्श्राव्य माध्यमातून सुनावणीची विनंतीही करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते.

अशा प्रकरणात अडचण येते ती पुराव्याची. दुकानातील वस्तू उद्याही तेथेच असते. आभासी दालनातील प्रतिकृती मात्र विक्रेता केव्हाही बदलू शकतो, आणि ग्राहकाने जे पाहिले होते त्याची खूण मागे राहत नाही. यासाठी मागणी नोंदवतेवेळीच वस्तूच्या पानाचे, मापांचे, किमतीचे व परतीच्या अटींचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावेत. पार्सल उघडतानाचे सलग चित्रीकरण करून ठेवणेही उपयोगी पडते.